आबांची प्लग काढायची रीत

मळवलीच्या बंगल्यातला फ्लश उत्तम चालत होता. तो उखडला गेला तो माझ्या मीटिंगमुळे.

त्या वर्षी पुण्यातल्या आमच्या सोसायटीत नवी लिफ्ट बसवायचं काम निघालं होतं. सकाळी नऊपासून माझ्या कामाच्या टेबलामागच्या भिंतीत ड्रिल चालायचं. माझी एक मैत्रीण परदेशात असते, तिचा मळवलीला बंगला आहे. ती म्हणाली, जा आणि राहा, नाहीतरी रिकामाच असतो. मी मे महिन्यात दोन बॅगा, एक लॅपटॉप आणि ऑफिसची एक करड्या रंगाची लोखंडी पेटी घेऊन तिथे राहायला गेले.

बंगला सांभाळायला एक जोडपं होतं. आबा देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेले, उंच, सावकाश चालणारे आणि त्याहून सावकाश बोलणारे. त्यांची बायको म्हणजे मावशी. त्या कुठलंही काम आबांच्या निम्म्या वेळात उरकायच्या आणि राहिलेल्या वेळात आबांकडे बघत बसायच्या. त्यांचं स्वतःचं भाताचं शेत बंगल्याच्या कुंपणापलीकडेच होतं.

माझं काम लोकांना सांगायला अवघड आहे. मी कॉम्प्युटरच्या कर्नलमध्ये काम करते. कर्नल म्हणजे मशीनच्या आतला तो प्रोग्रॅम, जो बाकी सगळ्या प्रोग्रॅमना मेमरी आणि डिस्क वाटून देतो. आमची छोटी कंपनी धरणं, बंधारे आणि विहिरींवर पाण्याची पातळी नोंदवणाऱ्या पेट्या बनवत होती. त्या पेटीतल्या कर्नलचा डिस्कवर लिहिण्याचा भाग मी एकटीने लिहिला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. इतका, की त्यात काही चुकतंय असं कुणी म्हटलं तर मी आधी त्या माणसाचं काय चुकतंय ते शोधायची.

तर मीटिंग. मी ओसरीवर बसून ऑफिसशी बोलत होते. माझा बॉस माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, अतिशय सभ्य मुलगा. तो विचारत होता की ग्राहकांची तक्रार कुठवर आली. मी त्याला सांगत होते, हे बघ, फ्लश नीट होतंय. कधीतरी एखादं डर्टी राहतं, पुढच्या वेळी फ्लश होतं. त्यानं परत काहीतरी विचारलं. मी जरा आवाज चढवून म्हणाले, मग फ्लश होत नाहीये असं लिहून दे ना मला, कुठे कुठे डर्टी राहिलंय ते दाखव.

मावशी मागे तांदूळ निवडत होत्या. त्या उठून आत गेल्या.

अर्ध्या तासाने कामशेतहून प्लंबर आला. मीटिंग संपलेली नव्हती. कॅमेऱ्यात माझ्या मागून तो, त्याची पिशवी आणि एक लांब पाना असे आत जाताना आठ लोकांनी पाहिले. मी मीटिंग आवरून आत गेले तोवर त्यानं टाकी उघडून आतलं सगळं सामान फरशीवर मांडलं होतं आणि तो म्हणत होता की तसा काही दोष दिसत नाही, पण उघडलंच आहे तर वायसर बदलतो. वायसर बदलल्यावर फ्लश खरोखरच बंद पडला. पुढचे चार दिवस बादली वापरली.

मावशींचं म्हणणं होतं की एवढ्या आठ माणसांपुढं घरातल्या संडासाची तक्रार करण्यापेक्षा मी त्यांना सांगायला हवं होतं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. आल्यापासून त्या रोज तो घासत होत्या. म्हणून त्या संध्याकाळी चहा पिताना मी त्या दोघांना पहिल्यांदा नीट बसवून सांगितलं की मी काय करते.

मी म्हणाले, डिस्क असते संथ आणि मेमरी असते चपळ. म्हणून एखाद्या प्रोग्रॅमने कर्नलला सांगितलं की ही नोंद लिहून ठेव, तर कर्नल ती नोंद आधी मेमरीत ठेवतो आणि प्रोग्रॅमला सांगतो, लिहिलं, जा तू. मग सवडीने, अर्ध्या मिनिटानं वगैरे, सगळं एकदम डिस्कवर उतरवतो. मेमरीचे सारखे तुकडे पाडलेले असतात, त्यांना आम्ही पेज म्हणतो. ज्या पेजवर लिहिलंय पण अजून डिस्कवर गेलेलं नाही, ते डर्टी. ते डिस्कवर उतरवायचं म्हणजे फ्लश करायचं.

मावशींनी बशी खाली ठेवली. "म्हंजे लिवलं न्हाई तरी लिवलं म्हनतो?"

मी म्हटलं, हो, थोडा वेळ.

"आन ह्ये त्याला तुमी शिकवलं?"

मी म्हटलं, हे सगळेच कर्नल करतात, जगभर. मावशींनी आबांकडे बघितलं. आबांनी खूप विचार करून विचारलं, मधल्या वेळात लाईट गेली तर. मी म्हणाले, तर मेमरीतलं पुसलं जातं, तेवढं जातं. पण तेवढंच, शेवटचं अर्धं मिनिट. ते माफ असतं. मावशींनी विचारलं, कुनी माफ केलं?

आमचा आणि ग्राहकांचा वाद इथेच होता. ते म्हणत होते, लाईट गेली की आमच्या दुपारभराच्या नोंदी जातात. मी म्हणत होते, दुपारभराच्या जाणं शक्यच नाही. तुमची पेटीच कुणीतरी उघडली असेल. हे मी चार महिने लेखी कळवत होते.

मळवलीला पेटी आणली होती ती याचीच परीक्षा घ्यायला. परीक्षा सोपी होती. पेटीत एक प्रोग्रॅम चालायचा. तो आधी पुरासारख्या धडाधड नोंदी लिहायचा, मग संथ पाण्यासारखा काही सेकंदांनी एक नोंद, मग परत धडाधड. मधेच कधीतरी प्लग काढायचा. परत लावायचा आणि किती नोंदी गेल्या ते मोजायचं. बॉसचं म्हणणं होतं की मळवलीला लाईट आपोआपच जाते, म्हणजे आपल्याला प्लगही काढायला लागणार नाही. मीही त्याच भरवशावर होते. मी गेले त्या दिवसापासून तीन आठवडे मळवलीला एकदाही लाईट गेली नाही. आबा म्हणाले, हे असं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. शेजारच्या बंगल्यावरच्या माळ्यानं येऊन विचारलं की ताई सरकारी आहेत का.

मग मी स्वतः प्लग काढायला लागले. साठेक वेळा काढला असेल. दर वेळी शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी जायच्या, बाकी सगळ्या जागेवर. मी तक्ता करून बॉसला पाठवला आणि खाली लिहिलं, अपेक्षेप्रमाणे. त्यानं उलट लिहिलं की तक्ता छान आहे, पण प्लग तूच काढतेस आणि कर्नलही तूच लिहिलायस. दुसरा कुणी माणूस काढेल का?

मला राग आला. पण तिथे दुसरा माणूस होताच. मी आबांना विचारलं. त्यांना विषय कळल्यावर ते म्हणाले, एवढंच ना, करू की.

मी त्यांना सांगितलं, दिवसातून पाच-सहा वेळा, कधीही, मला न सांगता, ही पांढरी वायर भिंतीतून ओढायची. पाच मिनिटांनी परत लावायची. एवढंच.

पहिल्या दिवशी त्यांनी प्लग काढलाच नाही. चार वाजता मी विचारलं तर म्हणाले, दोनदा आलतो, पण तुमी बोलत व्हता. मी म्हटलं, माझ्या बोलण्याचा काही संबंध नाही. ते म्हणाले, कुनी बोलत असताना वायर वढायची म्हंजे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धीर करून प्लग काढला. तो फ्रीजचा निघाला. फ्रीजची वायरही पांढरी होती. पाच मिनिटांनी परत लावायचा तो ते विसरले. मावशींनी दुसऱ्या दिवशीच्या आंबोळ्यांसाठी वाटून ठेवलेलं पीठ फुगून फ्रीजच्या दारातून बाहेर आलं. दुपारी त्यांनी चूक सुधारायची म्हणून दुसरी पांढरी वायर काढली, ती इंटरनेटची. मी त्या वेळी बॉसला सांगत होते की आबा अतिशय काळजीपूर्वक काम करतात, आणि तेवढ्यात मी पडद्यावरून गेले.

मग मी पेटीच्या वायरीला मावशींच्या जुन्या साडीची लाल चिंधी बांधली.

तिसऱ्या दिवसापासून आबांना सूर सापडला. ते चपला बाहेर काढून यायचे, पेटीसमोर स्टूल घेऊन बसायचे, पेटीकडे बघत राहायचे. कधी दहा मिनिटं, कधी वीस. मग उठून, एका हाताने सॉकेट धरून, दुसऱ्या हाताने प्लग अलगद काढायचे. हिसका नाही, काही नाही. पाच मिनिटं मनगटावरच्या घड्याळात मोजायचे आणि तसाच अलगद परत लावायचे. मी आपल्या कामात असायची. दिवस संपल्यावर निकाल बघू म्हणून मी तिकडे लक्षही दिलं नाही.

संध्याकाळी निकाल बघितला. पहिल्या वेळी अकरा मिनिटांच्या नोंदी गेल्या होत्या. दुसऱ्या वेळी सोळा. तिसऱ्या वेळी एकवीस.

माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आबांनी पेटीवरचं काहीतरी दाबलं. हे आता लिहायला लाज वाटते, पण मी ओसरीवर गेले आणि त्यांना तसंच विचारलं, तेही तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी. झाकण उघडलं होतं का, मागचं बटण दाबलं का, पुसायला म्हणून ओलं फडकं लावलं का. आबा प्रत्येक वेळी नाही म्हणाले आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज खाली गेला. मावशी आतून आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. मावशी अर्धं काम टाकून आल्या म्हणजे प्रकरण गंभीर आहे एवढं मला एव्हाना कळत होतं.

मग मी विचारलं, बरं, तुम्ही प्लग नेमका कसा काढता ते तरी सांगा.

आबा म्हणाले, "त्या पेटीवर हिरवी लाईट हाय. ती लुकलुकती तवर त्याचं काम चाललंय. कामात हात घालायचा न्हाई. डेपोत पयलं ह्येच शिकवत्यात. लाईट थांबली का मी अजून जरा थांबतो, त्याला दम घेऊ देतो. मग काढतो."

मी विचारलं, किती वेळ थांबता. ते म्हणाले, धा मिनटं, पंधरा मिनटं, कवा ईस मिनटं. मी विचारलं, आणि तेवढ्या वेळात ती लाईट एकदाही लुकलुकत नाही? ते म्हणाले, एकदाबी न्हाई, म्या नजर काढत न्हाई.

मी आत जाऊन पेटीसमोर बसले. आबांच्याच स्टुलावर.

तो हिरवा दिवा डिस्कचा होता. डिस्कवर काही उतरलं की तो लुकलुकतो. धडाधड नोंदी चालू असताना तो सारखा लुकलुकणार. पण संथ वेळीही प्रोग्रॅम दर काही सेकंदांनी एक नोंद लिहीतच असतो. म्हणजे कर्नलने दर अर्ध्या मिनिटाने ती पेजं डिस्कवर उतरवायला हवीत आणि दर अर्ध्या मिनिटाने तो दिवा एकदा तरी लुकलुकायला हवा. तो पंधरा मिनिटं गप्प राहतो याचा अर्थ एकच होता. पेटी लिहिलं, लिहिलं म्हणत होती आणि काही लिहीत नव्हती.

मी साठ वेळा प्लग काढला होता तो दर वेळी धडाधड नोंदी चालू असताना. तेव्हाच सगळ्यात जास्त धोका असतो असा माझा समज होता. संथ वेळी प्लग काढण्यात मला काही पुरुषार्थ वाटला नव्हता. आणि धरणाचं पाणी तर वर्षातले दहा महिने संथच असतं.

चूक शोधायला मग फार वेळ लागला नाही. पेटीतला नोंदी करणारा प्रोग्रॅम दर वेळी कर्नलला विचारून लिहीत नव्हता. तो फाइल सरळ मेमरीतच मांडून घ्यायचा आणि तिथेच परस्पर लिहायचा. त्यात वेग असतो. पण मग कर्नलला कळणार कसं की कुठल्या पेजवर लिहिलं गेलं? त्यासाठी कर्नल प्रत्येक पेजला कुलूप लावून ठेवतो. प्रोग्रॅम लिहायला गेला की कुलपाशी अडतो, कर्नल तिथे येतो, डर्टी अशी खूण करतो आणि कुलूप उघडून देतो. नंतर पेज डिस्कवर उतरवलं की खूण पुसायची आणि कुलूप परत लावायचं. मी खूण पुसत होते आणि कुलूप लावायला विसरत होते. त्यामुळे त्या पेजवरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या नोंदी डिस्कवर जायच्या आणि त्यानंतरच्या नोंदींची कर्नलला खबरच नसायची. पुरासारख्या नोंदी असल्या की पेज अर्ध्या मिनिटाच्या आतच भरून जायचं आणि सगळं एकदम उतरायचं, म्हणून माझ्या तक्त्यात सगळं सुरळीत दिसत होतं.

एक ओळ राहिली होती. ती लिहायला मला चार महिने आणि आबा लागले.

मी आबांकडे जाऊन सांगितलं की चूक माझी होती, तुमची नव्हती, आणि मी तुम्हाला तसं विचारायला नको होतं. त्यांनी मान हलवली. मावशींनी विचारलं, मग आता तो खरं बोलतो का? मी म्हटलं, अर्धं मिनिट अजून खोटं बोलतो. त्या म्हणाल्या, चालंल, अर्ध्या मिनटाचं कोन बोलत न्हाई.

बॉसला सांगणं जास्त जड गेलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि एवढंच म्हणाला की ग्राहकांना पत्र तूच लिही. मी लिहिलं. चार महिने लिहिलेली पत्रं समोर ठेवून लिहिलं, म्हणून ते लांब झालं.

आमच्याकडे अशी पद्धत आहे की दुरुस्ती जमा करताना चूक कुणी शोधली त्याचं नाव खाली लिहायचं, आणि नावापुढे ईमेल लागतो. ईमेल नसेल तर यंत्रणा दुरुस्ती घेतच नाही. आबांना ईमेल नव्हता. मी माझा घालणार होते, पण बॉस म्हणाला की हे बरोबर नाही, आणि त्यानं आबांना कंपनीचाच एक ईमेल काढून दिला. माझ्या जुन्या फोनवर मी तो चालू करून दिला. दुरुस्ती जमा झाली. आबा आणि मावशी दोघांनी पडद्यावरचं ते नाव वाचलं. मावशी म्हणाल्या, आडनाव बराबर लिवलंय.

पण ईमेल नुसता नावापुरता राहत नाही. कंपनीचं सगळं टपाल आबांना यायला लागलं. कॅन्टीनचा मेनू बदलला, पार्किंगचा नियम बदलला, सगळं. आबा प्रत्येक पत्र चष्मा लावून पूर्ण वाचायचे आणि कुठलं इंग्रजी अडलं तर मला विचारायचे. पार्किंगच्या नियमावर त्यांना एक हरकत होती, तीही मी ऑफिसला कळवली. मग एक दिवस सायबर सुरक्षेचं सक्तीचं प्रशिक्षण आलं. मी ते दोन वर्षं टाळत होते. आबांनी ते तीन दुपारी बसून पुरं केलं. त्यात प्रश्न होता की अनोळखी माणसानं आतल्या खोलीत यायची परवानगी मागितली तर काय कराल. आबांनी सगळे पर्याय वाचले आणि मला विचारलं की ह्यात 'आधी पास दाखव म्हनायचं' हे कुटं हाय. शेवटी त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. मनुष्यबळ विभागानं ज्यांचं प्रशिक्षण बाकी आहे त्यांची यादी फिरवली, तिच्यात मी होते. आबा अभिनंदनाच्या यादीत होते.

दुरुस्त केलेली पेटी सगळीकडे पाठवण्याआधी बॉसला एक शेवटची चाचणी ऑफिसातल्या सगळ्यांसमोर हवी होती, आणि प्लग आबांनीच काढावा असं त्याचं ठरलं होतं. त्यानं रीतसर बोलावणं पाठवलं, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, सगळ्या ऑफिसला आणि आबांना.

तोवर जुलै लागला होता. खाचरांत पाणी भरलं होतं आणि रोपं लावणीला, आबांच्या भाषेत आवनीला, आली होती. सोमवारी दिवसभर आबा आणि मावशी चिखलातच होते. मी कुंपणाशी उभी राहून त्यांना बोलावण्याची आठवण केली. आबा वाकलेले होते. ते म्हणाले, बघितलंय, उत्तर देतो.

संध्याकाळी हातपाय धुऊन ते ओसरीवर बसले आणि एका बोटाने टाइप करत राहिले. मला वाटलं ते बॉसला लिहितायत. ते सगळ्यांना लिहीत होते, कारण सगळ्यांना उत्तर द्यायचं बटण मोठं होतं. मावशी खांद्यावरून बघत होत्या आणि एक-दोन अक्षरं सांगत होत्या. उत्तर आम्हा तेहतीस जणांना एकदमच मिळालं.

"सप्रेम नमस्कार. मंगळवारी आवनी हाय. बुधवारीबी हाय. पाऊस धरला तर शनवारपातुर. त्यानंतर कवाबी येतो. पेटी तवर चालू ठेवा."

बॉसने दहा मिनिटांत मीटिंग पुढच्या सोमवारी ढकलली. खाली लिहिलं की काही अपरिहार्य कारणामुळे. मी त्या कंपनीत नऊ वर्षं काम केलं आहे आणि माझ्यासाठी कधी कुणी मीटिंग पाव तासही ढकललेली नाही. मंगळवारी सकाळी अकरा वाजता मला काहीच काम नव्हतं. मावशींनी कुंपणापलीकडून हाक मारून विचारलं की मग नुसत्या बसून काय करता, आणि एक मूठ रोपं वर धरून दाखवली. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरले. माझी ओळ वाकडी आली. मावशींनी ती उपटून परत लावली.